स्वित्झर्लंडला पहिला गट घेऊन निघालेल्या मुलीस

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

येत्या मे महिन्यात तू पहिल्यांदाच स्वित्झर्लंडला गट घेऊन निघणार आहेस आणि ‘लोक एवढे पैसे मोडून तिथे नेमके काय पाहायला येतात?’ असे तू विचारले आहेस. बर्फ आणि तळी हे उत्तर तुला ठाऊक आहेच; पण बर्फाचे डोंगर आपल्या हिमालयातही आहेत आणि ते आल्प्सहून कितीतरी उंच आहेत. माझ्या मते खरी ओढ आहे ती त्या डोंगरांपर्यंत सहज पोचता येण्याची, आणि ते सारे माणसांनी ज्या चिकाटीने राखले आहे त्याची. गटाला हे दिसले नाही, तर पाचव्या दिवशी ‘पुन्हा तळेच का?’ अशी कुरकुर सुरू होते, हे मी अनेकदा ऐकले आहे.

आल्प्समधल्या युंगफ्राऊयोख या बर्फाळ खिंडीचेच पाहा. आडोल्फ गुयर-त्सेलर या उद्योजकाने तिथवर जाणारी रेल्वे १८९६ मध्ये बांधायला घेतली, तीनच वर्षांत तो वारला, आणि गाडी ३,४५४ मीटर उंचीवरच्या शेवटच्या स्थानकात पोचायला १९१२ साल उजाडले. नऊ किलोमीटरांच्या या मार्गातले सातांहून अधिक किलोमीटर आयगर आणि म्योंख या डोंगरांच्या पोटातून जातात. हे सारे बोगद्यात शिरण्यापूर्वीच सांग, कारण आत अंधार असतो आणि मंडळी पेंगू लागतात. वर उतरल्यावर मात्र कोणालाही धावू देऊ नकोस. हवा विरळ असते आणि बर्फ पाहून साठीची माणसेही सहा वर्षांची होतात.

वेळापत्रक ही तिथली दुसरी प्रेक्षणीय गोष्ट आहे, असे मी म्हटले तर हसू नकोस. १९८२ पासून त्या देशाने ठरावीक अंतराने, ठरलेल्या मिनिटाला गाड्या सोडण्याची पद्धत देशभर लावली. मोठ्या स्थानकांत गाड्या थोड्याच वेळाच्या अंतराने येतात, एकमेकींचे प्रवासी घेतात आणि निघतात, आणि बाहेर पिवळी पोस्टबस, म्हणजे टपाल कंपनीची प्रवासी बस, त्यांच्यासाठी थांबलेली असते. एकदा माझ्या गटातले एक काका फोटो काढण्याच्या नादात फलाटावरच राहिले. माझ्या पोटात गोळा आला. पण ते अर्ध्या तासाने पुढच्या गाडीने हसत उतरले, वर त्यांना खिडकीची जागा मिळाली होती! परक्या मुलुखात हरवण्याची भीती नसणे ही केवढी चैन आहे, हे त्या दिवशी मला कळले.

आता स्वच्छतेविषयी. ‘इथली माणसे जात्याच स्वच्छ’ असे गटाला कधीही सांगू नकोस, कारण ते खरे नाही. १९६३ मध्ये त्सेरमाट या नामांकित गावात दूषित पाण्यातून विषमज्वराची साथ पसरली आणि शेकडो माणसे आजारी पडली. त्याच सुमारास अनेक तळी सांडपाण्याने आणि शेवाळाने इतकी बिघडली होती की काही ठिकाणी पोहण्यास बंदी होती. १९६५ मध्ये लोकसंख्येच्या जेमतेम १४ टक्के लोकांचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात जात असे. आज ते प्रमाण ९७ टक्क्यांच्या वर आहे. मधल्या काळात कायदे झाले, गावोगावी केंद्रे उभारली गेली आणि १९८६ पासून कपडे धुण्याच्या पावडरीत शेवाळ वाढवणारे फॉस्फेट घालण्यासही मनाई झाली. आज राजधानी बर्नमध्ये उन्हाळ्यात कचेऱ्यांतली माणसे आरे नदीत उड्या टाकतात आणि प्रवाहाबरोबर शहरातून वाहत जातात. तो घाट गटाला जरूर दाखव. एखाद्या किल्ल्यापेक्षा तो अधिक वेळ लक्षात राहतो.

हिरव्या कुरणांचीही गोष्ट अशीच आहे. गुरे उन्हाळ्यात वर चरायला गेली नाहीत, तर त्या उतारांवर झुडपे आणि मग जंगल माजते, म्हणून गुरे वर नेणाऱ्या शेतकऱ्यांना सरकार पैसे देते. म्हणजे पोस्टकार्डावरचे ते दृश्य गाईंनी चरून राखलेले असते. आणि इंटरलाकेनला बस थांबेल तेव्हा समोरचे मोठे मोकळे मैदान नीट दाखव. त्याचे नाव होहेमाटे. १८६४ मध्ये तिथल्या हॉटेलमालकांनी आणि इतर काही मंडळींनी मिळून ती जमीन विकत घेतली, ती तिथे कधीच बांधकाम होऊ नये आणि युंगफ्राऊ शिखर झाकले जाऊ नये म्हणून. गावाच्या ऐन मध्यावरची जागा हॉटेलवाल्यांनीच रिकामी ठेवायची, हे मला अजूनही नवल वाटते. आपली मंडळी तिथे बहुधा यश चोप्रांच्या पुतळ्याची चौकशी करतील. तोही जवळच आहे, तोही दाखव, पण मैदान आधी.

एक दुपार मोकळी ठेव आणि त्यांना लाउटरब्रुनेनच्या दरीत चालू दे. स्टाउबबाख धबधबा जवळजवळ ३०० मीटरांवरून पडतो आणि वाऱ्यावर त्याचा धुरळा होतो. वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवर चालायला लागणारा वेळ लिहिलेला असतो. तो वेळ तिथल्या लोकांच्या पायांचा आणि न थांबता चालण्याचा आहे. आपल्या गटासाठी त्याची दीडपट धर, आणि साडी नेसलेल्या काकू असतील तर दुप्पट. गावातल्या दगडी कुंडांचे पाणी पिण्याजोगे असते; नसेल तिथे ‘काइन ट्रिंकवासर’ अशी पाटी असते, ती मात्र वाचायला शीक. विकतच्या पाण्याचे भाव पाहून मंडळींचे चेहरे उतरतात, म्हणून प्रत्येकाकडे रिकामी बाटली आहे ना, हे मुंबईच्या विमानतळावरच पाहून घे.

तुझा,
काका