वाचक विचारतात: मँडोलिन बोटांना जड जातंय, करायचं काय?

प्रश्न: सर, नवीन मँडोलिन घेतलंय. पहिल्या दोन-तीन फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) तारा दाबताना बोटं सोलून निघतात, एफ कॉर्ड (एकदम वाजवायचे सूर) लावायची म्हटलं की घाम फुटतो. सगळे म्हणतात सवय होईल. ब्रिजची, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीची, चाकं फिरवून तारा खाली घेतल्या तर बाराव्या फ्रेटच्या आसपास भणभण सुरू झाली आणि सुरुवातीच्या फ्रेटला अजूनही जडच. मँडोलिनच खराब आहे का?

उत्तर: मँडोलिन बहुतेक ठीक असावं, आणि तुमची बोटंही. "सवय होईल" हे अर्धंच खरं आहे. आठ तारांचा मिळून ताण साधारण ७० ते ८० किलोच्या घरात जातो, वर तारांची लांबी जेमतेम ३५ सेंमी, आणि एका बोटाने दोन तारा दाबायच्या, म्हणजे थोडं जड जाणारच. पण पहिल्या फ्रेटला घाम फुटत असेल तर ते सवयीने जाणारं दुखणं नाही, आणि गंमत म्हणजे ज्याला सगळे पहिला हात घालतात त्या ब्रिजचा यात फारसा दोषही नसतो. ब्रिज खाली केला की फरक पडतो बाराव्या फ्रेटला, पहिल्याला जवळजवळ काहीच नाही. पहिल्या फ्रेटची उंची ठरवतो नट, डोक्याजवळची ती खाचा असलेली पट्टी. स्वस्त वाद्यांत फॅक्टरीवाले खाचा मुद्दाम कमी खोल ठेवतात, कारण उंच नटचं वाद्य दुकानात भणभणत नाही, त्रास नंतर घेणाऱ्याला.

हे तपासायला काहीच हत्यार लागत नाही. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा आणि तीच कॉर्ड एक फ्रेट पुढे सरकवून धरा. एकदम हलकं वाटलं ना? मग चोर सापडला, कारण कॅपो लावला की नटचा संबंधच संपतो. अजून नीट बघायचं तर दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तार किती उचललेली राहते ते उजेडाकडे धरून बघा. केसाएवढी फट हवी, तारेवर बोट आपटलं की बारीकसा टिक आवाज यायला हवा. टिक नाहीच आला तर खाच जास्त खोल गेलीय, आणि तार चांगली खालपर्यंत जाऊन फ्रेटला लागत असेल तर उंच आहे.

खाच घासणं मात्र जपून. प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी फाईल (कानस) लागते, सगळ्यात बारीक ई ची तार पाव मिलीमीटरच्या जरा वर आणि सगळ्यात जाड जी ची साधारण १ मिमी, त्यामुळे एकाच फाईलने सगळं उरकायला जाऊ नका. घासताना फाईलचा उतार डोक्याकडे ठेवा, तार फ्रेटबोर्डाकडच्या कडेवरच टेकायला हवी. उतार उलटा झाला तर मोकळी तार सतारीच्या बिघडलेल्या जवारीसारखी झणझणत राहते आणि मग माणूस आठवडाभर फ्रेट तपासत बसतो. दोन-तीन हात मारा, तार परत बसवून सुरात आणा, बघा, परत दोन हात. कंटाळवाणं आहे, पण जास्त खोल गेली तर खाच सुपरग्लू आणि खाण्याच्या सोड्याने भरून परत पहिल्यापासून. फाईल नसतील तर सरळ कारागिराकडे द्या, काम छोटंच आहे.

आता राहिला क्रम, कारण तो चुकला की एकाचं दुसऱ्यावर जातं. आधी नव्या तारा, मग नेक (मान), मग नट, मग ब्रिजची उंची, आणि सगळ्यात शेवटी ब्रिजची जागा. नेकचा बाक बघायला एक तार पहिल्या फ्रेटला आणि नेक जिथे बॉडीला मिळते तिथे, अशी दोन्हीकडे दाबा आणि सातव्या फ्रेटवर बघा. साधा लिहायचा कागद तारेखालून सरकायला हवा, म्हणजे ०.१ ते ०.२ मिमी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली बाक कमी-जास्त करणारी सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, जास्त नाही, आणि मग थोडा वेळ वाद्य तसंच ठेवून परत मोजा. रॉड जाम वाटला तर जोर लावू नका. ब्रिजची उंची बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजायची, ई ला साधारण १.५ मिमी आणि जी ला २ मिमीपर्यंत. जोरात स्ट्रोक मारत असाल तर थोडी वर ठेवा, उगाच आकड्यांच्या मागे लागू नका. चाकं वर चढवताना आधी तारा ढिल्या करा, ताणाखाली फिरवली तर आटे खराब होतात.

प्रश्न: तारा बदलताना सगळ्या एकदम काढल्या तर ब्रिज सुटून हातातच आला. अंदाजाने ठेवला परत. आता मोकळ्या तारा ट्यूनरवर बरोबर दिसतात पण वर गेलं की सगळं बेसूर.

उत्तर: होणारच. मँडोलिनचा ब्रिज चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबानेच जागेवर राहतो, म्हणून तारा बदलायच्या एकेका जोडीने. आता जागा शोधायची तर नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजा, तेवढंच पुढे ब्रिज, किंचित जास्त. मग बाराव्या फ्रेटवर तारेला हलकं बोट टेकवून हार्मोनिक वाजवा आणि तिथेच दाबून सूर वाजवा. दाबलेला चढा येत असेल तर ब्रिज टेलपीसकडे (तारांची मागची टोकं अडकतात तिकडे), उतरा येत असेल तर नेककडे. जी आणि ई दोन्ही बाजू वेगवेगळ्या बघा, ब्रिज थोडा तिरका बसला तरी चालतो. सरकवताना तारा जरा सैल करून ब्रिजच्या पायाची दोन्ही टोकं धरा आणि ब्रिज नेककडे झुकलेला नाही ना ते बाजूने बघा, सुरात आणताना तारा त्याला पुढे ओढत असतात.

अजून एक, ब्रिजच्या वरच्या पट्टीला नागमोडी पायऱ्या असतील तर ती उलटी तर बसवली नाही ना? ए आणि जी ची टेकायची जागा मागे असते, ई आणि डी ची पुढे. आणि एवढं करून बारावा बरोबर पण पहिला-दुसरा फ्रेट चढाच लागतोय असं झालं तर ब्रिजला सोडा आणि वरचं उत्तर वाचा, नट उंच आहे.

प्रश्न: आजोबांचं गोल पाठीचं जुनं मँडोलिन आहे. आवाज मोठा यावा म्हणून जाड तारा लावू का?

उत्तर: नको! ही वाद्यं हलक्या बांधणीची असतात आणि बऱ्याच जुन्या वाद्यांत ट्रस रॉड नसतो, जाड तारांनी पुढची फळी दबते नाहीतर नेक उचलली जाते. मिळतील तितक्या हलक्या तारा लावा. आधीच फळी ब्रिजखाली बसलेली दिसत असेल तर तारा ढिल्या करून कारागिराला दाखवा.

प्रश्न: नेक, नट, ब्रिज सगळं बघून झालं, तरी कुठलातरी एक सूर लागला की बारीक खरखर येतेच. फ्रेट घासून घ्यावेत का?

उत्तर: घाई नको. तोच सूर वाजवत दुसऱ्या कोणाला तरी ब्रिज आणि टेलपीसच्या मधल्या तारांवर हात ठेवायला सांगा. खरखर गेली तर तिथे चामड्याची किंवा फेल्टची चिंधी ओवून द्या, झालं काम. नाही गेली तर ट्यूनिंगच्या खुंट्यांचे स्क्रू, डोक्याकडे लोंबणारी तारांची टोकं, ब्रिजची चाकं, आणि टेलपीसचं पत्र्याचं झाकण बघा. हे झाकण तर हमखास वाजतं, काढून वाजवून बघा, बरेच वाजवणारे ते परत लावतच नाहीत.