दुसरा भाग बघावा का? हॉरर सिरीजबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न (नाशिक) : ताई, हॅलोविनचे सगळे पार्ट नंबराप्रमाणे बघायला घेतले आणि सातव्याला येऊन पार गोंधळले. हिरॉइन लॉरी मेली होती ना? मग ती जिवंत कशी? नक्की कुठल्या क्रमाने बघायचं?

उत्तर : अगं नंबराप्रमाणे बघूच नकोस, कारण ती सलग गोष्ट नाहीच्चे. १९७८ चा जॉन कार्पेंटरचा पहिला सिनेमा हे खोड आणि त्याला नंतर वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या फांद्या फोडल्यात. एका फांदीत लॉरी मेलेली आहे आणि तिची छोटी मुलगी जेमी मुखवटेवाल्या खुनी मायकलच्या तावडीत सापडते, ते चौथा, पाचवा, सहावा. १९९८ चा एच-ट्वेंटी, म्हणजे तुझा तो सातवा, ते तिन्ही भाग पुसून टाकतो, तिथे लॉरी नाव बदलून शाळेची मुख्याध्यापिका झालीये. आणि २०१८ चा तर पहिला सोडून बाकी काहीच मानत नाही. त्यामुळे एकदा १९७८, १९८१ आणि १९९८ असे तीन बघ, आणि मग काही दिवसांनी पहिला परत बघून लगेच २०१८ चा लाव, बघ तीच लॉरी किती वेगळी वाटते ते.

पण माझं खरं सांगणं १९७८ आणि १९८१ या जोडीबद्दल आहे. दुसरा भाग त्याच रात्री सुरू होतो, हॉस्पिटलमध्ये, कॅमेरामनही तोच, डीन कंडी, त्यामुळे अंधार अगदी तसाच दिसतो आणि तरी भीती तशी वाटत नाही, असं का? पहिल्यात मायकल लॉरीच्या मागे का लागलाय याचं काहीच कारण नाही, ती फक्त त्याच्या जुन्या घराच्या दारात किल्ली ठेवायला गेलेली असते, बस, म्हणजे तिच्याजागी कोणीही असू शकलं असतं आणि तू मी पण. दुसऱ्यात कळतं की ती त्याची बहीण आहे. झालं, तिथे आपण सुटलो, आता तो त्यांच्या घरचा मामला झाला. शिवाय पहिल्यात रक्त जवळजवळ दिसतच नाही, दुसऱ्यात भरपूर आहे, कारण मधल्या काळात फ्रायडे द थर्टीन्थ या दुसऱ्या हॉरर सिनेमाने जोरदार कमाई करून लोकांना काय हवंय ते दाखवून दिलं होतं.

तिसऱ्यात (१९८२) मायकल नाहीच, मुलांच्या मुखवट्यांची स्वतंत्र गोष्ट आहे. दरवेळी नवी गोष्ट सांगायचा विचार होता पण तेव्हाच्या प्रेक्षकांना तो पटला नाही. तू मात्र बघ, वेगळा सिनेमा म्हणून तो खूप चांगला आहे.

प्रश्न (पुणे) : फ्रायडे द थर्टीन्थच्या पहिल्या भागात तो प्रसिद्ध खुनी जेसन हॉकीचा मास्क घालतो की नाही? मित्राशी पैज लागलीये.

उत्तर : नाही घालत. (ज्यांनी पहिला बघितला नाहीये त्यांनी हे उत्तर सोडून पुढे जा.) १९८० च्या पहिल्या भागात खून करणारी जेसनची आई आहे, दुसऱ्यात जेसन डोक्यावर कापडी पिशवी घालून फिरतो आणि तो मास्क येतो थेट तिसऱ्या भागात, १९८२ मध्ये. तो थ्रीडीत काढलेला असल्यामुळे घरच्या टीव्हीवर सारखं काहीतरी कॅमेऱ्याच्या तोंडावर का आणतायत असं वाटत राहतं. सगळे बघायचे नसतील तर चौथा आणि सहावा बघा. सहाव्यात जेसन वीज पडून थडग्यातून उठतो, म्हणजे सरळ जुन्या फ्रँकेन्स्टाइन सिनेमातल्या, विजेने जिवंत होणाऱ्या राक्षसाच्या घरातला होतो, आणि त्यामुळे गंमत वाढते.

प्रश्न (कोल्हापूर) : मुलगा पंधरा वर्षांचा आहे, हॉररचं वेड आहे. जुने ब्लॅक अँड व्हाइट सिनेमे दाखवले तर बसेल का? सुरुवात कुठून करू?

उत्तर : बसेल, नक्की बसेल, फक्त दोन सिनेमे पाठोपाठ दाखवा. १९३१ चा फ्रँकेन्स्टाइन आणि १९३५ चा ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन, दोन्ही सव्वा तासाच्या आसपास आहेत, दोन्हींचा दिग्दर्शक जेम्स व्हेल आणि दोन्हींत राक्षस बोरिस कार्लोफ. सिक्वेल कसा करावा हे शिकवायला याहून चांगली जोडी मला माहीत नाही. पहिल्यात पार्श्वसंगीत जवळपास नाहीच, नुसते आवाज आणि शांतता, दुसऱ्यात फ्रान्झ वॅक्समनचं भरगच्च संगीत. मुलाला विचारा कुठे जास्त भीती वाटली. मग मेकअप बघायला सांगा, पहिल्याच्या शेवटी पवनचक्की जळते म्हणून दुसऱ्यात राक्षसाचे केस जळालेले आहेत आणि अंगावर भाजल्याच्या खुणा आहेत, इतकं लक्ष तेव्हा दिलं होतं त्यांनी!

आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे राक्षस बोलायला लागतो. जंगलात एक आंधळा म्हातारा व्हायोलिन वाजवत असतो, तो याला घरात घेतो, जेवायला देतो, शब्द शिकवतो. कार्लोफला स्वतःला राक्षसाने बोलणं पसंत नव्हतं म्हणे, पण तो प्रसंग बघताना माझा तरी घसा दाटून येतो. पहिल्यात आपण त्याला घाबरतो, दुसऱ्यात त्याच्यासाठी घाबरतो, की आता लोक येतील आणि याला परत हाकलतील. वधू म्हणजे एल्सा लँचेस्टर, ती शेवटी काही मिनिटंच दिसते आणि तरी तिचे ते उभे केस जगभर माहीत झाले. मुलगा रमला तर १९३९ चा सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन पण दाखवा, त्यात मोडक्या मानेचा इगोर झालेला बेला लुगोसी भाव खाऊन जातो, पण राक्षस परत मुका झालाय आणि त्याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न (ठाणे) : चाइल्ड्स प्लेचे पुढचे भाग आणि आपला झपाटलेला २, यांची तुलना होऊ शकते का?

उत्तर : होऊ शकते पण अडचणी दोघांच्या वेगळ्या आहेत. १९८८ च्या चाइल्ड्स प्लेमध्ये बाहुला खरंच जिवंत आहे का हे बराच वेळ लपवून ठेवलंय, सगळी मजा त्यात आहे. दुसऱ्या भागात (१९९०) ते गुपित उरतच नाही, म्हणून हळूहळू चकी, म्हणजे तो बाहुला, विनोदाकडे वळला आणि १९९८ पर्यंत तर त्याचं लग्नच लावलं. आपल्या झपाटलेलात (१९९३) हसणं आणि घाबरणं पहिल्यापासून हातात हात घालून होतं, त्यामुळे गुपित फुटलं तरी काही बिघडत नव्हतं. २०१३ ला थ्रीडी आलं, तात्या विंचू परत आला, पण लक्ष्या नव्हता. तो बाहुला समोर असताना लक्ष्मीकांत बेर्डेंच्या चेहऱ्यावर जे व्हायचं त्यानेच आपल्याला तो बाहुला खरा वाटायचा, आणि ते थ्रीडीने कसं भरून येणार?

प्रश्न (मुंबई) : एक्सॉर्सिस्टचा दुसरा भाग अर्ध्यात सोडला. तिसरा बघू की नको?

उत्तर : बघाच, आणि दुसरा पूर्ण करायची काही गरज नाही, तिसऱ्याला त्याची ओळखच नाहीये. १९९० चा हा सिनेमा मूळ कादंबरीच्या लेखकाने, विल्यम पीटर ब्लॅटीने, स्वतः दिग्दर्शित केलाय आणि तो पहिल्यातल्या पोलिस डिटेक्टिव्ह किंडरमनला धरून पुढे जातो. शेवटचं भूत उतरवणं स्टुडिओच्या आग्रहाने नंतर घुसवलेलं आहे आणि ते जाणवतं, तेवढं सहन करा. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरचा एक लांबलचक शॉट येईल, कॅमेरा हलत नाही, नर्स नुसती इकडून तिकडे जातीये, तेव्हा मोबाइल अजिबात हातात घेऊ नका.