गुळाचा चहा आणि ६.१

प्रश्न : वय ४३, वजन ७२ किलो. घरी शिवणकाम करते, दिवसभर बसूनच. आईला मधुमेह आहे. माझी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.१ आली. साखर बंद करून चहात गूळ घालते, एकादशी-चतुर्थी धरते. एवढं पुरेल का?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, गुळानं चहाचा रंग बदलतो; रक्तातली साखर वाढायची ती वाढतेच. एकदम सुटत नसेल तर आधी निम्मा करा. मला स्वतःला दोन महिने लागले होते.

५.७ ते ६.४ ही मधुमेहाची आधीची पायरी. इथून मागे फिरता येतं. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वजन ७ टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, एवढंच उद्दिष्ट होतं. सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. तुमच्या हिशेबात पाच किलो.

खरी गडबड उपासाची. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात बटाटा! उपास सोडा असं म्हणत नाही (माझ्या सासूबाई हे सदर वाचतात). पण खिचडीऐवजी ताक, काकडी, मूठभर शेंगदाणे घ्या. एरवी ज्वारीची भाकरी खा, पण एकच. अर्धं ताट भाजीचं, शेजारी मटकीची उसळ.

दुपारी आणि रात्री जेवल्यावर १५ मिनिटं चाला. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. मशीनवरूनही दर अर्ध्या तासानं उठा, दोरा संपायची वाट बघू नका. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून आकडा कळवा.