एआयएस बंद केलं, तरी बोट सापडते कशी?

प्रश्न : आमचा ट्रॉलर मालीम जेटीवर असतो. एआयएस (बोटीचं नाव आणि ठिकाण रेडिओवरून आपोआप कळवणारं यंत्र) बंद केलं की आपण कुठे आहोत ते कुणालाच कळत नाही, असं आमचा तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) म्हणतो. पण दोन-तीन अँटेना लावून लपलेली बोट हुडकतात, असंही ऐकलं. खरं काय? – एक वाचक, बेती

उत्तर : तांडेलाला विचारा, रात्री रडार चालू असतो ना? मग लपलात कसले! जहाजावर रेडिओ ऑफिसर म्हणून मी आयुष्य काढलं, आणि हा गैरसमज मला प्रत्येक बंदरात भेटला. रडारच्या लहरीला जाऊन परतही यावं लागतं, म्हणून अंतर दुप्पट झालं की प्रतिध्वनी सोळा पटींनी क्षीण होतो. चोरून ऐकणाऱ्यापर्यंत लहर एकदाच जाते, तिथे घट फक्त चौपट. म्हणजे तुमचा रडार ज्याला पाहूही शकत नाही, त्याला तो ऐकू येत असतो.

आता दिशा. बोटी एकमेकींशी बोलतात त्या व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल १६ ची, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झची, लहर सुमारे १.९ मीटर लांब. दोन अँटेना तिच्या निम्म्या अंतरावर ठेवा. बोट बरोबर समोर असेल तर लहर दोन्हींवर एकदमच येते. कडेला असेल तर फार तर ३ नॅनोसेकंद मागेपुढे. तेवढ्या फरकातून कोन निघतो. समोर की पाठीमागे, हा घोळ तिसरी अँटेना मिटवते.

कोन म्हणजे नुसती रेघ. ठिकाण हवं तर दुसरीकडूनही रेघ ओढायची; दोन्ही रेघांची फुली पडते तिथे बोट. समजा, अँटेनांचा एक संच आग्वादला आणि दुसरा जवळच मुरगावला ठेवला, तर खोल समुद्रात रेघा जवळजवळ समांतर जातात आणि फुली लांबुडकी पडते. ३० किलोमीटरवर एका अंशाची चूक म्हणजे अर्धा किलोमीटर! दुसरा संच दूर दक्षिणेला काब द रामला नेला तर फुली नेटकी पडेल.

गोंगाटाखाली दडवलेला सिग्नलही सुटत नाही. प्रत्येक रिसीव्हरची खरखर त्याची स्वतःची, सिग्नल मात्र सगळ्यांत तोच. दोन्हींकडचं गुणून बेरीज करत राहिलं की खरखर एकमेकींना खोडते, सिग्नल साचत जातो. २०१८ पासून तीन-तीन उपग्रहांचे गट वरून जहाजांचे रडार असेच टिपतात. तिथे वेळेतला फरक मोजतात, एका मायक्रोसेकंदात लहर ३०० मीटर जाते.

जीपीएस नुसता ऐकतो, तो तुम्हाला उघडं पाडत नाही. पण म्हणून रडारही बंद करू नका. मुरगावच्या तोंडाशी रात्री बार्ज आडवी आली, तर तांडेल काय टॉर्च दाखवणार?