लोझ्नित्सा पहिल्यांदाच बघणार असशील तर

लोझ्नित्साच्या सिनेमांच्या महोत्सवाचा पूर्ण पास काढलास, छान. पण दिवसाला दोनाच्या वर सिनेमे घेऊ नकोस. मी एकदा चार घेतले होते, चौथ्यात सरळ घोरलो.

हा युक्रेनियन दिग्दर्शक, सेर्गेई लोझ्नित्सा, कीवमध्ये वाढला, आधी गणित शिकला, मग सिनेमाकडे वळला. सुरुवात ‘ब्लॉकेड’पासून कर. ५२ मिनिटांचाच आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी लेनिनग्राडला घातलेल्या वेढ्याचं जुनं मूक चित्रण, आणि आवाज सगळा नंतर तयार केलेला. बर्फातून कुणीतरी घसरगाडीवर प्रेत ओढत नेतंय आणि आपल्याला पावलांची करकर ऐकू येते. निवेदन नाही, मुलाखत नाही. हा आवाज खरा की रचलेला, हा प्रश्न तिथेच डोक्यात बसला पाहिजे. पुढे कामाला येतो.

मग ‘मैदान’ (२०१४), कीवच्या मैदान चौकातल्या सरकारविरोधी आंदोलनावरचा माहितीपट. कॅमेरा जवळजवळ हलतच नाही. नायक शोधत बसू नकोस, गर्दीच बघ. पहिला अर्धा तास कंटाळा येईल, येऊ दे. मोबाइल मात्र खिशात.

त्यानंतरच ‘डोनबास’ (२०१८). पूर्व युक्रेनमधल्या डोनबास भागातल्या युद्धावरचा कथापट आहे, पण बरेच प्रसंग लोकांनी नेटवर टाकलेल्या व्हिडिओंवरून उचललेले. सुरुवातीलाच मेकअप करून ‘साक्षीदार’ तयार होताना दिसतात. खांबाला बांधलेल्या सैनिकाचा प्रसंग मात्र जड जातो. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ‘अं सर्तें रगार’ विभागात दिग्दर्शनाचं पारितोषिक याच सिनेमाला मिळालं.

‘ऑस्टरलिट्झ’ झोप झालेल्या सकाळी बघ. जुन्या नाझी छळछावणीत सेल्फी काढणारे पर्यटक, बस्स. मला तो सगळ्यात जास्त टोचला. गेल्या सहलीचे माझे फोटो आठवले.