कृषी प्रदर्शनातल्या स्टॉलसाठी फ्लेक्सऐवजी हाताने चित्र रंगवायचंय, कसं करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमच्या बचत गटाला तूरडाळ विकायला १० बाय १० चा स्टॉल मिळालाय, मागच्या भिंतीवर वावराचं चित्र हवंय, हातात पंधरा दिवस आहेत, आणि ते पार्टिशनवरच थेट रंगवता येईल का. मी गावात पाट्या आणि दुकानाची शटरं रंगवतो, अधूनमधून प्रदर्शनाची कामंही घेतो.

पार्टिशनवर रंगवू नका. ते मांडववाल्याचं भाड्याचं असतं, त्याला खिळासुद्धा मारू देत नाहीत. शिवाय स्टॉल ताब्यात मिळतो आदल्या दिवशी संध्याकाळी, तेव्हा शेजारी करवत चालू असते आणि भुसा तुमच्या ओल्या रंगावर. घरीच प्लायवर करा आणि तिथे नेऊन नुसतं उभं करा.

मापाची एक गोम आहे. १० बाय १० म्हणतात, पण बहुतेक ठिकाणी तो ३ मीटरचा असतो, म्हणजे ९ फूट १० इंच. पुन्हा कोपऱ्यातले खांब थोडी जागा खातात. मी एकदा नेमकं दहा फुटांचं करून नेलं आणि रात्री अकराला सुताराला उठवावं लागलं. ८ बाय ४ च्या तीन शीट घ्या, प्रत्येकीची रुंदी ३ फूट २ इंच करून घ्या. मागून लाकडी पट्ट्या ठोका. प्रायमर दोन्ही बाजूंनी मारा. एकाच बाजूने मारला तर प्लाय पापडासारखा वाकतो.

कापडावर करायचं असेल तर मांजरपाट चालतो, पण नेताना रंग बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळा आणि मध्ये प्लास्टिक घाला. मी घाईत पेपर घातला होता. उलगडलं तर माझ्या शेतकऱ्याच्या गालावर कुठल्यातरी सेलची जाहिरात उलटी उमटलेली.

रंग पाण्याचाच घ्या. पांढरं इमल्शन आणि त्यात कालवायच्या रंगाच्या, म्हणजे स्टेनरच्या, बाटल्या: पिवळा, लाल, हिरवा, निळा, काळा. ऑइल पेंट डिसेंबरच्या थंडीत लवकर वाळत नाही, टर्पेंटाइनचा वास डाळीच्या स्टॉलवर शोभत नाही आणि वरच्या लाइटात तो नुसता चमकतो. तुरीच्या फुलाचा पिवळा मात्र स्टेनरने पांढऱ्यात कालवून फिका पडतो, तेवढ्यासाठी अ‍ॅक्रिलिकची एक ट्यूब आणा.

आधी कागदावर १ इंच म्हणजे १ फूट या हिशेबाने चित्र काढून चौकोन पाडा. मग तिन्ही शीट शेजारी लावून, गेरूत बुडवलेली सुतळी ताणून टिचकी मारली की फुटाफुटावर रेषा उमटतात. एकेका चौकोनात जे आहे ते मोठं करत जायचं. खालच्या तीन फुटांत काही काढू नका, तिथे टेबल आणि पोती येणार. नुसती काळी माती रंगवा. माणसं, बैल, झाडं सगळं चार फुटांच्या वर.

आता खरं काम. ब्रश हातात घ्यायच्या आधी एक दिवस वावरात जाऊन बसा. तुमचं चित्र बघणारे शेतकरी आहेत, त्यांना आभाळाचा रंग चुकलेला चालतो, पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, चुकलेली चालत नाही. माझ्या पहिल्या कामात एका बियाणं कंपनीच्या माणसाने दिलेला फोटो बघून मी कपाशीची सगळी फुलं पांढरी काढली होती. एक आजी बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कालचं फूल कुठी गेलं बाप्पा?" खरंच आहे. फूल उमलतं त्या दिवशी दुधी-पिवळसर असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, त्यामुळे झाडावर दोन्ही रंग एकदम दिसायला हवेत. बोंडही गोल कापसाचा बोळा नसतो, फुटलं की चार-पाच पाकळ्या वेगळ्या दिसतात आणि खाली वाळलेली तपकिरी टरफलं. तुरीचं पान तीन पानांचं, वरून हिरवं, खालून जरा राखट. कपाशीत तुरीचे तास, म्हणजे ओळी, दाखवले तर ते आपल्याकडचं वावर वाटेल. बैल काढणार असाल तर पांढरे गवळाऊ जातीचे काढा, शिंगं लहान ठेवा. फोटोवरून दुसरीकडचे लांब शिंगांचे बैल काढलेत तर दिवसभर लोक तेच बोलतील, डाळीचा भाव कोणी विचारणार नाही.

दिवसांचं म्हणाल तर प्रायमरला दोन, आखायला एक, रंगाला सहा-सात पुरतात. शेवटचे दोन दिवस मोकळे ठेवा.

आणि छोट्या हत्तीतून उतरवताना एक तरी कोपरा खरचटणारच. कालवलेल्या प्रत्येक रंगाची एक डबी आणि बारीक ब्रश डाळीच्या पाकिटांबरोबर टाका.