ते फाटकं पुस्तक परत आण

मिरजेच्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा साडेआठ वर्षांचा, तिसरीत. घरात त्याच्यासाठी काचेचं कपाट केलंय, त्यात बासष्ट पुस्तकं आहेत. आठवड्याला एक पुस्तक वाचायचं, पाच ओळींत सारांश लिहायचा, मग तक्त्यावर चांदणी. तीन महिन्यांत चांदण्या मिळाल्या चार. ‘मावशी, मी स्वतः लहानपणी वाचनालयात पडीक असायचे आणि माझ्या पोटी असं पुस्तकाला हातही न लावणारं मूल कसं आलं?’ असं तिने विचारलंय. नवरा जेवतानासुद्धा मोबाईल बघतो, त्याचंच बघून मुलगा बिघडला, असं तिचं म्हणणं.

बाळा, नवऱ्याच्या मोबाईलवर तू दीड पान लिहिलंस. त्यावर मी काही बोलणार नाही, कारण मधेच कंसात तू एक ओळ लिहिली आहेस आणि मी तिथून पुढे सरकूच शकले नाही. ‘(दिवाळीच्या आवराआवरीत त्याचं आगगाडीचं चित्रांचं पुस्तक रद्दीत घातलं, कव्हर गेलेलं, सगळं पाठ झालेलं, दोन दिवस रडला, मग विसरला.)’

सगळं पाठ झालेलं! अगं, ज्या मुलाला एक अख्खं पुस्तक पाठ होतं, त्याला तू न वाचणारा म्हणतेस? तुझ्या घरात एक वाचक होता. त्याचं पुस्तक तू त्याला न विचारता किलोच्या भावाने विकलंस.

मला राग आलाय आणि तो लपवत नाही. मी अठ्ठावीस वर्षं एका गावच्या वाचनालयात बालविभाग सांभाळला. त्यातली कितीतरी दुपार खळ आणि पट्ट्या घेऊन पुस्तकं चिकटवण्यात गेली. पुठ्ठा निघालेलं, शिवण उसवलेलं, पानांचे कोपरे मऊ पडलेलं पुस्तक हातात आलं की मला आनंद व्हायचा. ते मुलांनी आपलं मानलेलं असायचं. एक मुलगी सुट्टीभर एकच पुस्तक बदलून न्यायची, म्हणजे आज परत करायची आणि तेच पुन्हा नावावर लिहून घ्यायची. तिची आई काउंटरशी येऊन मला म्हणायची, ‘बाई, तिला दुसरं द्या ना काहीतरी.’ मी कधी दिलं नाही. तिचं ते पुस्तक संपलं नव्हतं, एवढंच मला दिसत होतं.

तुला वाटतं, पाठ झालं म्हणजे काम झालं, आता पुढचं घ्यावं. पाठ्यपुस्तकाच्या बाबतीत असेल तसं. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 साली तीन वर्षांच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुलांना त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा वाचून दाखवल्या, काहींना वेगवेगळ्या. नवे शब्द दोन्हीकडे सारख्याच वेळा कानावर पडत होते. तरी शब्द जास्त लक्षात राहिले ते तीच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या. तुझा मुलगा त्यांच्याहून मोठा आहे, पण तोही त्या पुस्तकाकडे परत जात होता तो काहीतरी मिळत होतं म्हणूनच. पहिल्यांदा त्याने इंजिन पाहिलं असेल. दहाव्यांदा सांधा बदलणारा माणूस. पंचविसाव्यांदा खिडकीत बसलेली बाई आणि तिच्या डब्यात काय असेल ते.

आणि बघ, आगगाडी! तू मिरजेत राहतेस. जंक्शनचं गाव. 2016 च्या एप्रिलमध्ये तहानलेल्या लातूरला पाणी घेऊन रेल्वे गेली ती तुझ्याच गावातून. 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली तेव्हा तिला तीन इंजिनं होती, साहिब, सिंध आणि सुलतान. हे ऐकून ज्याचे डोळे मोठे होतील असा मुलगा तुझ्याकडे आहे. त्या एका फाटक्या पुस्तकातून तो नकाशापर्यंत गेला असता, वेळापत्रकापर्यंत गेला असता, दुष्काळापर्यंतसुद्धा. मुलं अशीच वाचत जातात, एका वेडाचं बोट धरून. तू ते बोट सोडवलंस आणि त्याला कपाटासमोर उभं केलंस.

त्या कपाटाला किल्ली आहे का, हे तू लिहिलं नाहीस. नसली तरी त्याच्यासाठी ते बंदच आहे. ग्रंथपालांचे गुरू एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला पहिला होता, पुस्तकं वापरासाठी असतात. ते समजावताना त्यांनी युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांचं उदाहरण दिलं. तिथे पुस्तकं साखळीने बांधून ठेवत. तुझ्या घरात साखळी नाही, पाच ओळींचा सारांश आहे.

तू लिहितेस, तो विसरला. नाही विसरला. त्याला एवढंच कळलं, की जे पुस्तक फार आवडतं ते आई टाकून देते आणि जे आवडत नाही त्याची चांदणी मिळते. मग तो कशाला पुन्हा एखाद्या पुस्तकात जीव गुंतवेल?

तेव्हा आता एकच कर. आज रात्री त्याच्याजवळ बस आणि माफी माग. ‘तुझं पुस्तक मी तुला न विचारता दिलं, माझं चुकलं.’ बास. ‘पण ते फाटलं होतं ना’ हे शेपूट जोडू नकोस. मग म्हण, ‘ते तुला पाठ आहे ना? मला सांग, मी लिहून घेते.’

तो सांगेल. पहिल्या दिवशी कदाचित नाही सांगणार, रुसलेला असेल, तेवढं तू सोस. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचार. तो बोलेल तसं लिही, शब्द सुधारू नकोस, त्याने गाडीला पंख लावले तर पंख लिही. एका पानावर दोन-तीन ओळी, वरची जागा चित्रासाठी मोकळी. चित्रं त्यानेच काढायची. तू लहानपणी वाचनालयात पडीक असायचीस म्हणतेस, तर तुला ठाऊक असेल की कुणी तुझ्याकडून सारांश मागितला असता तर तू दुसऱ्या दिवशी तिकडे फिरकली नसतीस. तो तक्ताही उद्या सकाळी उतरव, गाजावाजा न करता.

नवरा जेवताना मोबाईल बघतो ना? बघू दे. तुम्ही दोघं शेजारी बसून आगगाडी लिहीत असाल, तर तो कधीतरी मान वर करून विचारेलच, पुढचं स्टेशन कोणतं. त्याला उत्तर मुलाने द्यायचं, तू नाही.

कोरे कागद घे, मधोमध दुमड, घडीवर सुईने तीन भोकं पाड आणि गोधडीच्या जाड दोऱ्याने शिव. मधल्या भोकातून सुरू करून मधल्याच भोकात गाठ मार, म्हणजे पानं नीट उघडतात. पुठ्ठा आत्ता लावू नकोस. ते पुस्तक त्याच्या उशाशी राहू दे, कपाटात नको.